पाचकळ विनोदाचं झीन काढताना: मजकूर, पानं, छपाई, विक्री

प्रश्न थोडक्यात असा: चार-पाच जणांना मिळून पादणं, ढेकर, घोरणं, शेंबूड, ऐन वेळी फाटलेली पँट अशा निव्वळ पाचकळ विनोदाला वाहिलेलं छोटं छापील झीन (म्हणजे हौसेने, स्वतःच छापून थोड्या प्रतींत काढलेला अंक) काढायचं आहे. मजकूर थोडाफार जमला आहे, पैसा बेताचा आहे. पानं किती ठेवायची, छापायचं कशावर, काय घ्यायचं नि काय नाही, आणि विकायचं कसं?

सुरुवातीलाच एक सांगतो. उंची विनोदापेक्षा पाचकळ विनोदाला संपादन जास्त लागतं. उपरोधिक लेख जरा सैल असला तरी त्यातल्या विचारासाठी वाचक पुढे वाचतो. पादण्यावरच्या विनोदाला असा विचाराचा आधार नसतो. शब्दांचा क्रम, थांबण्याची जागा आणि पान कुठे उलटतं, एवढंच भांडवल त्याच्याकडे असतं. त्यातलं एक चुकलं की हसू जातं आणि नुसती घाण उरते. म्हणून खाली विनोदाचे तपशील आणि छपाईचे तपशील एकमेकांत मिसळलेले दिसतील. या प्रकारात ते वेगळे काढताच येत नाहीत.

पहिला अंक १६ पानांचा, ए५ आकाराचा काढा. ए४ कागद मधोमध दुमडला की ए५ची चार पानं होतात, म्हणजे एका प्रतीला चार कागद. शंभर प्रतींना चारशे कागद लागतात आणि वाया जाणारे दहा टक्के धरले तरी पाचशेच्या एका रिममध्ये काम भागतं. एकूण पानं चारच्या पटीतच हवीत: १२, १६, २०. चौदा पानांचा मजकूर असेल तर दोन पानं भरण्यासाठी रद्दी उचलू नका, दोन पानं कापून बारावर या. पहिल्या अंकात जमलेला सगळा मजकूर ओतायचा मोह आवरा. चांगल्यातला एक तृतीयांश मजकूर मुद्दाम मागे ठेवा. बरीच झिनं दुसऱ्या अंकाला बंद पडतात, कारण सगळा दारूगोळा पहिल्याच अंकात उडवलेला असतो.

प्रतींचा आकडाही लहानच ठेवा. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये ख्रिस डोनाल्ड यांनी डिसेंबर १९७९ मध्ये काढलेल्या ‘व्हिझ’ या आचरट विनोदाच्या अंकाची सुरुवात १२ पानं आणि १५० प्रतींनी झाली. १९९०च्या आसपास तेच नियतकालिक दहा लाखांहून जास्त खपत होतं. दीडशे प्रतींमध्ये लाज वाटण्यासारखं काही नाही. संपल्या तर पुन्हा छापता येतात, उरल्या तर मात्र तुमच्या पलंगाखालीच राहतात.

आता मजकूर. लागणाऱ्या जागेच्या तिप्पट मजकूर गोळा करा आणि दोन तृतीयांश टाकून द्या. निवड करताना एक चूक जवळजवळ प्रत्येक गट करतो: सगळे एकत्र बसतात, एकजण मोठ्याने वाचतो, बाकीचे हसतात आणि तो मजकूर निवडला जातो. त्या हशात वाचणाऱ्याचा आवाज, त्याचे हावभाव आणि शेजाऱ्याचं हसू, सगळं मिसळलेलं असतं. छापल्यावर यातलं काहीही कागदावर येत नाही. म्हणून निवडीचं वाचन मनातल्या मनात, एकेकट्याने, कागदावरच करा. प्रत्येकाने वेगळे शेरे लिहावेत आणि मग ते जुळवावेत. मोठ्याने वाचायचं ते नंतर, वाक्याचा ताल तपासण्यासाठी.

मतदानाने अंक भरू नका. पाच जणांना थोडं थोडं आवडणारा विनोद निवडला जातो आणि एकाला पोट धरून हसवणारा, बाकीच्यांना कोड्यात टाकणारा विनोद गळतो. झीनची ओळख त्या दुसऱ्या प्रकाराने ठरते. उपाय सोपा आहे: शेवटचा शब्द एकाच संपादकाचा ठेवा, आणि प्रत्येक सदस्याला दर अंकात एक ‘हट्टाची जागा’ द्या. ती जागा चवीच्या कारणावरून कुणालाही नाकारता येणार नाही. फक्त काय छापायचं नाही याचे आणि कायद्याचे पुढे सांगितलेले नियम तिलाही लागू राहतील.

मराठीत विनोद लिहिताना वाक्यरचना स्वतःहून आड येते. क्रियापद शेवटी असतं, त्यामुळे हसवणारा शब्द वाक्याच्या मध्ये गाडला जातो आणि शेवटी ‘झालं’, ‘लागले’, ‘होतं’ असं बोथट काहीतरी येतं. हे वाक्य बघा: ‘शोकसभेत दोन मिनिटांच्या शांततेत अध्यक्षांच्या पादण्याचा मोठा आवाज आल्यामुळे सगळे हसू लागले.’ यात सगळंच सांगून टाकलं आहे, हसायचं कधी तेसुद्धा. हेच तोडून लिहिलं तर: ‘शोकसभेत दोन मिनिटं शांतता पाळायची होती. अध्यक्षांना एकच मिनिट जमलं.’ पादण्याचा उल्लेखही नाही, तरी वाचकाला आवाज ऐकू येतो. काम तीन ठिकाणी झालं: लांब वाक्याची दोन लहान वाक्यं झाली, कारण देणारा ‘आल्यामुळे’ गेला आणि लोकांची प्रतिक्रिया गेली. आलेल्या प्रत्येक मजकुरावर हे तिन्ही करून पाहा. त्यानंतर शेवटचं वाक्य बोटाने झाकून वाचा. त्याच्याशिवाय विनोद पूर्ण होत असेल तर ते खोडा. नव्या लेखकांच्या मजकुरात ते फार वेळा खोडावं लागतं, कारण विनोद कळला नाही तर काय, या भीतीने ते एक वाक्य जास्त लिहितात.

एकाच अवयवाचे तीन विनोद ओळीने आले की तिसऱ्याला कुणी हसत नाही. चढ-उतार हवा. आवाजी, ढोबळ विनोदानंतर अतिशय गंभीर चेहऱ्याचं काहीतरी ठेवा: ढेकरांच्या वर्गीकरणाचा तक्ता, घोरण्याचा हवामान अंदाज, शिंक अडवण्याच्या यंत्राची वापर-पुस्तिका, पोटातल्या गुडगुडीवरची प्रश्नपत्रिका. खोटा कागदपत्र हा या झीनचा सगळ्यात भरवशाचा प्रकार आहे आणि सगळ्यात जास्त बिघडतो तोही हाच. मूळ साचा काटेकोर उतरला नाही तर तो पडतो. प्रश्नपत्रिकेवर वेळ, एकूण गुण, सूचना, प्रश्नांचे उपक्रमांक आणि उजव्या कडेला कंसातले गुण, हे सगळं हवं, आणि गुणांची बेरीज जुळायला हवी. भाषा शेवटपर्यंत कोरडी ठेवा. मध्येच एखादं ‘हाहा’ किंवा उद्गारचिन्ह आलं की कागद खोटा असल्याचं उघड होतं आणि वाचकाला तो खरा मानण्याची गंमत मिळत नाही.

चित्रपट्ट्यांबद्दल. कागदाला वास नसतो, म्हणून वासाचा विनोद चेहऱ्यांवर चालतो. पादणारा माणूस काढण्यापेक्षा त्याच्या शेजारचे तिघे काढा. चार चौकटींची पट्टी असेल तर तिसरी चौकट बहुधा बोलाविना, हालचालीविना असावी. तिथे वाचक क्षणभर थांबतो आणि चौथ्या चौकटीत फुटतो. जागा वाचवायला हीच चौकट पहिली कापली जाते, तेव्हा संपादकाने आडवं यावं. आवाजांची अक्षरं हाताने काढा. ‘फुस्स’ बारीक आणि शेवटाकडे विरळ, ‘भर्रर्र’ जाड आणि वाढत जाणारं, ‘टुक’ एकट्या कोपऱ्यात. आवाजाचे शब्द मराठीत भरपूर आहेत, सगळ्यांना एकच तयार फॉन्ट लावून ती श्रीमंती वाया घालवू नका.

चित्रं ए४वर काढून ए५ला आणायची तर ७१ टक्क्यांवर लहान करावी लागतात, म्हणजे ०.५ मिमीची रेघ छापून साधारण ०.३५ मिमी होते. त्याहून बारीक रेघ फोटोकॉपीत तुटते. मुख्य रेघांना ०.५ ते ०.८ चं पेन वापरा. फुग्यातली हाताची अक्षरं मूळ चित्रात पाच मिमी उंच ठेवा, कमी झाली की ती साडेतीन होतात आणि वाचता येतात. करडा रंग पाण्याने पसरवू नका, फोटोकॉपीत त्याचा चिखल होतो. छाया हवी तर रेघांची जाळी किंवा ठिपके द्या. कच्चं रेखाटन फिकट निळ्या पेन्सिलीने केलं तर खोडावं लागत नाही, काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये निळा रंग गाळता येतो. स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), करड्या छटांशिवाय, निव्वळ काळं-पांढरं करा.

आता पानांची रचना, आणि या प्रकारात सगळ्यात जास्त फळ देणारी गोष्ट: पान उलटणं. डावीकडून उजवीकडे वाचायच्या पुस्तिकेत विषम क्रमांकाचं पान उजवीकडे आणि सम पान डावीकडे येतं. वाचक पान उलटतो तो नेहमी विषम पानाच्या शेवटी. मग विनोदाची तयारी विषम पानाच्या तळाशी आणि स्फोट सम पानाच्या माथ्यावर ठेवा. पान ५च्या शेवटी: ‘लिफ्टमध्ये सहा जण होते. तिसऱ्या मजल्यावर पाच जण उतरले.’ पान ६वर, वर एकटंच: ‘त्यातल्या एकालाही तिसऱ्या मजल्यावर जायचं नव्हतं.’ हेच सलग छापलं तर डोळा आधीच खाली जातो आणि निम्मं हसू कमी होतं. असे उलटायचे विनोद अंकात तीन-चारच ठेवा, नाहीतर वाचक युक्ती ओळखून बसतो.

या युक्तीत दोन गोष्टी घात करतात. एक म्हणजे आरपार दिसणं. पान ६ हे पान ५च्याच पाठीवर छापलेलं असतं. ७० किंवा ८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे चौरस मीटरभर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदावर मागचं मोठं काळं चित्र पुढून दिसतं आणि विनोद आधीच फुटतो. आतल्या पानांना १०० जीएसएम घ्या, किंवा स्फोटाचं चित्र रेघांचंच ठेवून मोठे काळे भाग टाळा. दुसरा घात समोरच्या पानाचा. पान उलटल्यावर ६ आणि ७ एकदम दिसतात. पान ७वर मोठं चित्र असेल तर नजर आधी तिकडे जाते आणि ६च्या माथ्यावरचं वाक्य शिळं होतं. म्हणून अशा जोडीत ७वं पान शांत ठेवा, निव्वळ मजकुराचं.

सोळा पानांत मी मांडणी अशी करेन: पहिलं मुखपृष्ठ. दुसऱ्यावर श्रेयनामावली, संपर्क, अंक क्रमांक आणि दोन ओळींत आत काय आहे त्याची सूचना. तिसऱ्यावर तीन-चार अगदी लहान विनोद, कारण अंक चाळणारा माणूस घ्यायचं की नाही ते बहुतेक तिथेच ठरवतो. ८ आणि ९ ही मधली पानं एकाच कागदावर सलग छापली जातात, तेव्हा मोठं चित्र किंवा तक्ता तिथे. लांब लेख असलाच तर ११ ते १३, आणि एकच. शेवटचं पान मात्र फुकट घालवू नका. वाचक अंक हातात धरून बसतो तेव्हा समोरच्याला तेच दिसतं, आणि तिथली एखादी खोटी जाहिरात दुसरा गिऱ्हाईक आणते. एक-दोन सदरं दर अंकात त्याच जागी ठेवा. पुढचा अंक सुरू करताना कोऱ्या पानांची भीती त्याने कमी होते.

छपाईसाठी पानं लावण्याचा नियम एकच: एका कागदाच्या एका बाजूला शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज एकूण पानांपेक्षा एकने जास्त असते. सोळा पानांना ती १७. सगळ्यात बाहेरच्या कागदावर पुढे १६ आणि १, मागे २ आणि १५. त्याच्या आत १४ आणि ३, मागे ४ आणि १३. मग १२ आणि ५, मागे ६ आणि ११. मधल्यावर १० आणि ७, मागे ८ आणि ९. आधी कोऱ्या चार कागदांची पुस्तिका दुमडून हाताने क्रमांक घाला, ती सुटी करा आणि संगणकावरच्या मांडणीशी ताडून पाहा. दोन्ही बाजूंना छापताना ‘शॉर्ट एज’वर (आखूड कडेवर) उलटण्याचा पर्याय निवडा. ‘लाँग एज’ राहिला की मागची सगळी पानं उलटी छापली जातात. शंभर प्रतींआधी एकच प्रत छापून, दुमडून, शेवटपर्यंत वाचा.

मजकूर युनिकोडमध्येच जुळवा. जुन्या विशिष्ट फॉन्टांतला मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला की अक्षरांचा काला होतो. पानं मांडण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं जुळवणारा ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडला नाही तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते. त्याच कामाचं स्क्रायबस वापरत असाल तर १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, १.४ला देवनागरी जुळवता येत नाही. मुक्त परवान्याचे मुक्ता, बालू, टिरो देवनागरी मराठी असे फॉन्ट चांगले आहेत. बालू शीर्षकांना, मुक्ता लहान मजकुराला. आकार ११ पॉइंट, ओळींतलं अंतर १६ ते १७ पॉइंट. त्याहून दाट केलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. फोटोकॉपीत सगळ्यात आधी अनुस्वार उडतो आणि ‘ष’, ‘क्ष’, ‘श्र’ यांची पोकळी भरते, म्हणून फार बारीक किंवा फार जाड वजनाचा फॉन्ट मुख्य मजकुराला नको. ‘दुसऱ्या’, ‘ढेकऱ्या’ असे शब्द छापून तपासा, ऱ्य बऱ्याचदा मोडलेला येतो. मुद्रितशोधन दोनदा, दोन वेगवेगळ्या माणसांकडून. विनोदातली शुद्धलेखनाची चूक वाचकाला मुद्दाम केलेली वाटते आणि तो नसलेला अर्थ शोधत बसतो.

छापायचं कशावर? पन्नासच्या आत प्रती असतील तर लेझर किंवा फोटोकॉपी. कापून चिकटवलेल्या मूळ पानांवरून फोटोकॉपी काढत असाल तर तुकड्यांच्या कडांची सावली काळी रेघ होऊन उमटते. कडा नीट दाबा आणि एक प्रत काढून तिच्यावरच्या रेघा पांढऱ्या शाईने पुसा. ती दुरुस्त प्रत हेच नवं मूळ समजा. पूर्ण काळं मुखपृष्ठ लेझरवर टाळा. टोनर (लेझरची शाईची पूड) ठिकठिकाणी फिका पडतो आणि दुमडीवर तडकून पांढरी रेघ दिसते.

शंभर-दीडशेच्या पुढे आणि एक-दोन रंग हवे असतील तर रिसोग्राफ (स्टेन्सिलमधून शाई उतरवणारं छपाईयंत्र) उत्तम. यात कागदाच्या प्रत्येक बाजूसाठी आणि प्रत्येक रंगासाठी एक मास्टर, म्हणजे स्टेन्सिल, कापला जातो. खर्च मास्टरचा, पुढची प्रत स्वस्त, म्हणून मोठ्या संख्येला ते परवडतं. पण त्याच्या सवयी माहीत हव्यात. शाई पूर्ण वाळत नाही, बोट लागलं की पसरते, म्हणून अनकोटेड (गुळगुळीत लेप नसलेला) कागदच घ्या आणि दोन रंगांमध्ये कागद रात्रभर ठेवा. दोन रंग एक-दोन मिमी इकडेतिकडे सरकतात. तेव्हा काळ्या बारीक रेघेच्या आत नेमका बसणारा रंग योजू नका, सैल ठोकळे टाका. अशा विनोदाला ते सरकणं शोभूनही दिसतं. रिसोवर छापलेला कागद नंतर लेझर प्रिंटरमध्ये घालू नका, शाई वितळून आतला फ्यूजर (टोनर तापवून चिकटवणारा भाग) खराब होतो.

कडेला पाच मिमी बहुतेक यंत्रं छापतच नाहीत, त्यामुळे मजकूर दहा मिमी आत ठेवा. कडेपर्यंत चित्र हवं असेल तर मोठ्या कागदावर छापून कापावं लागेल आणि चित्र तीन मिमी बाहेर न्यावं लागेल. पहिल्या अंकाला ही उठाठेव नको.

बांधणी घरी करता येते. चार कागद एकत्र ठोकून सरळ करा, मधोमध दुमडा, सपाट कडेच्या साधनाने घडी दाबा. नख वापरलं तर रिसोची शाई फासते. मग उघडून दोन पिना मारा, वरच्या आणि खालच्या कडेपासून साधारण पाच-पाच सेंमीवर, बाहेरून आत, म्हणजे टोकं मधल्या पानावर बंद होतील. साध्या स्टेपलरची मान ए५च्या घडीपर्यंत पोचत नाही. लांब मानेचा स्टेपलर हवा, आणि मानेची खोली दीडशे मिमीहून जास्त आहे ना ते घेताना बघा. पिना २४/६ किंवा २६/६. चार कागद आणि एक जाड मुखपृष्ठ त्यांना सहज पेलतं. मुखपृष्ठ २०० जीएसएमच्या वर न्यायचं तर आधी बोथट टोकाने घडीची खाच पाडा, आणि कागदाचा धागा घडीला समांतर आहे ना ते एका तुकड्यावर दुमडून पाहा, आडव्या धाग्यावर घडी फाटल्यासारखी दिसते. पानं वाढवून दहा कागदांपर्यंत गेलात तर मधली पानं बाहेरच्या कडेला मिमीभर पुढे येतात. कडा कापून सरळ करताना बाहेरच्या कोपऱ्यातले पानांचे क्रमांक कापले जाणार नाहीत एवढी जागा आधीच सोडा. सरावलेल्या हाताला दुमडून पिना मारायला प्रतीमागे मिनिटभर लागतं. शंभर प्रतींना दोघं बसा.

छपाईच्या आधी एक चाचणी मात्र चुकवू नका. नमुना प्रत झीनशी संबंध नसलेल्या तिघांना वेगवेगळी द्या आणि बाजूला गप्प बसा. कुठे हसतात, कुठे मागे वळून पुन्हा वाचतात, कुठलं पान न वाचता उलटतात, ते टिपा. ‘आवडलं का?’ विचारू नका, उत्तर नेहमी ‘हो’ येतं. तिघांतले दोघं एकाच जागी मागे वळले तर तिथली तयारी कच्ची आहे. स्फोटाचं वाक्य बदलू नका, त्याच्या आधीची दोन वाक्यं दुरुस्त करा.

काय छापायचं नाही, याबद्दल माझं मत ठाम आहे. शरीर सगळ्यांना असतं, आणि त्याची फजिती सगळ्यांची होते, म्हणूनच हा विनोद मोकळा असतो. तो एखाद्या जातीवर, धर्मावर, रंगावर, अपंगत्वावर, लठ्ठपणावर किंवा लिंगावर टाकला की तो टोमणा होतो. कसोटी सोपी आहे: विनोदातल्या माणसाची ओळख बदलून वाचा. मंत्री, शिक्षिका, पहिलवान, कुणीही घातलं तरी हसू टिकलं तर विनोद शरीराचा आहे. विशिष्ट समाजाचा माणूस असला तरच हसू येत असेल तर तो बाजूला ठेवा, कितीही नीट बसवलेला असला तरी. सत्तेतल्या माणसाची ऐट शरीराने उतरवणं मात्र या प्रकाराचं जुनं आणि हक्काचं काम आहे. ते करताना कमरेखालच्या खोट्या गोष्टी खऱ्या म्हणून छापू नका, अतिशयोक्ती इतकी उघड असू द्या की ती बातमी वाटणार नाही. ओळखीतला खाजगी माणूस नावाने, पत्त्याने किंवा ओळखू येईल अशा तपशिलाने अजिबात नको. अल्पवयीनांचा लैंगिक संदर्भ कुठल्याही रूपात नको. चावट मजकूर उघड असेल तर मुखपृष्ठावरच प्रौढांसाठी असं लिहा.

दुसऱ्याचं पात्र किंवा गाणं विडंबनासाठी घेताना कायदा देशागणिक वेगळा आहे. ब्रिटनमध्ये व्यंगचित्र आणि विडंबनासाठी स्वतंत्र अपवाद आला तो २०१४ मध्ये. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटलं की विडंबन विकण्यासाठी केलं एवढ्यावरून ते गैर ठरत नाही. पण त्याआधी १९७८ मध्ये, डिस्नेची पात्रं हुबेहूब काढून चावट प्रसंगांत घालणाऱ्या भूमिगत कॉमिक्सच्या चित्रकारांविरुद्ध तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला होता, कारण मूळ आठवून देण्यापुरतं घेण्याऐवजी त्यांनी फार जास्त घेतलं. चित्रकारालाही हाच सल्ला: दोन खुणांत पात्र ओळखू आलं की थांबा, बाकीचं स्वतःचं काढा. त्याने विनोदही चांगला होतो. ठरावीक मुदतीने निघणाऱ्या छापील अंकाची नोंदणी तुमच्याकडे लागते का, हे पहिल्या छपाईआधी बघून घ्या. ‘मासिक’ किंवा महिन्याचं नाव छापण्यापेक्षा ‘अंक १’, ‘अंक २’ असं अनियतकालिक ठेवलं तर उशीर झाल्याचा शिक्काही बसत नाही.

प्रत्येक लेखक-चित्रकाराकडून ईमेलवर तीन गोष्टी लिहून घ्या: या अंकात आणि त्याच्या पुनर्मुद्रणात छापायला परवानगी आहे का, पुढे पीडीएफ दिली तर चालेल का, आणि नाव कोणतं छापायचं. हक्क त्यांच्याकडेच राहतील हे तुम्ही लिहून द्या. या प्रकारात टोपणनाव फार जणांना हवं असतं. खऱ्या नावांची यादी एकाच माणसाकडे ठेवा आणि ती कुणालाही दाखवू नका. प्रत्येकाला निदान दोन प्रती द्या.

किंमत ठरवताना छपाई खर्चाच्या दुप्पट पुरेल असं वाटतं, पण पुरत नाही. प्रतीचा खर्च १ धरा आणि किंमत २. शंभर प्रतींतल्या वीस लेखकांना आणि अदलाबदलीत जातात, दहा खराब होतात किंवा उरतात. सत्तर दुकानांतून विकल्या आणि दुकानाने ४० टक्के कापले, तर हातात येतात ८४, खर्च झाले १००. किंमत ३ ठेवली तर १२६ येतात आणि पुढचा अंक निघतो. दुकानदार साधारण ३० ते ५० टक्के घेतात. पाच-दहा प्रतीच ठेवा आणि किती प्रती, किती टक्के, हिशेबाला कधी येणार हे लिहिलेल्या चिठ्ठीवर सही घ्या. झीन मेळ्यात थेट विकलं तर पूर्ण किंमत मिळते, शिवाय तिथे लोक उभ्याउभ्या तिसरं पान वाचताना दिसतात आणि कुठला विनोद चालला ते लगेच कळतं. इतर झीनवाल्यांशी प्रतींची अदलाबदल करा, नवे लेखक बहुतेक तिथूनच मिळतात.

टपालाने पाठवण्यासाठी वजन असं काढा: ए४ कागद म्हणजे एका चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणून १०० जीएसएमचा एक कागद सव्वासहा ग्रॅम आणि चार कागदांची प्रत २५ ग्रॅम, वर पाकीट. आत पातळ पुठ्ठा घाला, नाहीतर घडीचा कोपरा मोडतो. पाकीट साधं ठेवा, बाहेर चित्र नको. घेणारा ते घरच्यांसमोर उघडणार की नाही, हा त्याचा निर्णय असू द्या. पीडीएफ छापील प्रती संपल्यावर किंवा पुढचा अंक आल्यावरच द्या. फोनच्या पडद्यावर पान उलटण्याचा विनोद चालत नाही, म्हणून त्या जागा पीडीएफमध्ये एकेक पान वेगळं करून पुन्हा मांडाव्या लागतात.

अंक हातावेगळा झाला की त्याच आठवड्यात पाच प्रती, मूळ चित्रं, अंतिम फाइल आणि वापरलेले फॉन्ट एकत्र ठेवा. शिवाय एका प्रतीवर प्रत्येक विनोदाशेजारी पेन्सिलीने लिहा: चाचणीत काय झालं होतं आणि विक्रीच्या वेळी लोकांनी काय केलं. दुसऱ्या अंकाची निवड करायला बसाल तेव्हा टेबलावर ती प्रत आणि मागे ठेवलेला एक तृतीयांश मजकूर, दोन्ही असू द्या.